गाडी मंजूर झाली, गिअर राहिला

मिलिंददादा,

तुझ्या शोकसभेत सगळे चांगलं बोलले. उम्म अल हस्समच्या तुमच्या फ्लॅटमध्ये माणसं मावणार नाहीत म्हणून खालच्या रेस्टॉरंटवाल्याने त्याचा वरचा हॉल दिला होता. त्रिसरण-पंचशील झालं, मग एकेक जण उठला. कुणाला तू नोकरी लावून दिलीस, कुणाचा अडकलेला व्हिसा पाठपुरावा करून सोडवलास, जयंतीला दरवर्षी खुर्च्या आणि माइक तूच आणायचास. सगळं खरं होतं. प्रज्ञावहिनी मान खाली घालून ऐकत होत्या. मी मागच्या रांगेत बसून वाट बघत होते, की आता कुणीतरी गाडीचं नाव काढेल.

कुणी काढलं नाही. काढणार तरी कसं, तिथल्या कुणाला ठाऊकच नव्हतं. गेली काही वर्षं तू ज्या गोष्टीसाठी हट्टाला पेटला होतास, ती पुरती फक्त तुझ्याशी भांडणाऱ्या माणसाला ठाऊक होती, आणि ते माणूस मी. मलाही दोन शब्द बोला म्हणाले. मी नको म्हटलं. मला जे बोलायचं होतं त्यात तुझ्यावर टीकाही होती, आणि शोकसभेत टीका शोभत नाही. इथे फक्त तू आणि मी आहोत. इथे चालेल.

आपली जोडी ऑफिसात सगळ्यांना विचित्र वाटायची. एका जपानी मोटार कंपनीचं बहरीनमधलं, सीफ भागातलं हे आखाती ऑफिस. तू इंजिनिअर, जपानहून येणारी प्रत्येक गाडी इथल्या उन्हात टिकेल का, हे बघणारा. मी प्लॅनिंगची, कोणती गाडी आणायची, किती आणायच्या, कितीला विकायच्या, हे ठरवणारी. तू अकोल्याचा, मी चिपळूणची. गाडी टिकेल का हे तू सांगायचास, परवडेल का हे मी. आणि आपल्या दोघांची उत्तरं जुळली असं फार क्वचित व्हायचं.

माझा इथला पहिला ऑगस्ट आठवतो? तू माझ्या टेबलाशी येऊन म्हणालास, "शीटवर गाड्या बघणाऱ्या माणसाने एकदा गाडीत बसून बघावं." दुपारभर उन्हात काचा बंद करून ठेवलेल्या एका फॅमिली गाडीत तू मला बसवलंस. सीटबेल्टच्या बकलला हात लागला तर चटका बसला. तू एसी सुरू केलास आणि मांडीवरच्या लॅपटॉपवर आकडे बघत शांत बसलास. मी निथळत होते. शेवटी विचारलं, "दादा, जरा काच खाली करू का?"

"नाही," तू म्हणालास. "गिऱ्हाईक काच खाली करत नसते. गिऱ्हाईक कंपनीत फोन करते."

मग आपण झल्लाकच्या रस्त्याला लागलो. मोकळा रस्ता मिळाला तशी तू गाडी चांगली पळवलीस, आणि मग बाजूला घेऊन एकदम थांबवलीस. इंजिन चालूच ठेवलंस. मला वाटलं काहीतरी बिघडलं. तू म्हणालास, "गाडी पळताना तापत नाही, वारा असतो. पळून थांबली की तापते. खरी परीक्षा आता." आणि काट्याकडे बघत राहिलास. एका बाजूला समुद्र होता, रिसॉर्टच्या छत्र्या दिसत होत्या. तू एकदाही तिकडे पाहिलं नाहीस. मी तेव्हा मनात म्हटलं, या माणसाशी आपलं जमणार नाही. संध्याकाळी घरी जाऊन नवऱ्याला तसं सांगितलंही.

जमलं. कसं जमलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. भांडता भांडता जमलं एवढंच.

आपलं सगळ्यात मोठं भांडण त्या दोन सीटच्या गाडीवरून. बुटकी, लांब नाकाची, हाताने गिअर टाकायची. कंपनी तिला जपानमध्ये वर्षानुवर्षं जपत आली, आणि प्रत्येक वेळी नवी पिढी काढायची वेळ आली की तिकडे मोठमोठे लोक एकमेकांशी भांडत. इकडे आपण दोघं भांडायचो.

माझं म्हणणं तुला पाठ होतं. तरी परत सांगते, कारण ते चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. दाराचा पत्रा दाबायचा साचा दहा हजार गाड्यांसाठी बनवा नाहीतर दहा लाखांसाठी, साच्याचा खर्च तोच. फॅमिली गाडी तो खर्च वाटून घेते, ही गाडी कुणाबरोबर वाटणार? तिची बैठक वेगळी, काच वेगळी, बॉनेटची उंची वेगळी. युरोपात दर थोड्या वर्षांनी नवे नियम येतात, धुराचे, आवाजाचे, पादचाऱ्याला धडक बसली तर बॉनेट कसं दबलं पाहिजे त्याचे. प्रत्येक नियमाला नवी चाचणी. दुसऱ्या कंपनीबरोबर भागीदारीत गाडी काढावी तर इंजिन कुणाचं आणि नाव कुणाचं यात निम्मा वेळ जातो. आणि एवढं करून गाडी बाजारात आली की पहिल्या वर्षी रांग लागते, दुसऱ्या वर्षी रांग सरते. ज्यांना हवी होती त्यांनी घेतलेली असते. सात सीटवाली गाडी घेणाऱ्याला चार वर्षांनी परत सात सीट लागतात. दोन सीटवाल्याला तोवर मूल झालेलं असतं.

आणि आपल्या आखातापुरतं बोलायचं तर त्याहून वाईट. जपानच्या हवेसाठी बनलेली गाडी इथे आणायची म्हणजे मोठा पंखा, मोठा कॉम्प्रेसर, वेगळी रबरं, वेगळं सर्टिफिकेट. एवढ्याशा बाजारासाठी एवढे वेगळे भाग. मी लिहून टाकलं होतं, की पुढची पिढी आखातासाठी घेऊ नये. ते लिहिणं माझं कामच होतं.

तू मला शोरूममध्ये घेऊन गेलास. शनिवार होता. ती लाल गाडी काचेजवळ ठेवलेली. लोक यायचे, तिच्याभोवती फिरायचे, फोटो काढायचे. एक बहरीनी गृहस्थ सगळ्या कुटुंबासकट आला, स्वतः आत बसला, गिअरचा दांडा दोनदा हलवला, बायकोकडे बघून हसला, उतरला आणि सात सीटवाली बुक करून गेला.

"बघितलंस?" मी म्हणाले. "फोटो हिचा, पैसे दुसरीचे."

"अन् त्याले दारातून आत कोणी आणलं?" तू म्हणालास. भांडण रंगात आलं की तुझी ऑफिसातली मराठी गळून पडायची आणि अकोला बाहेर यायचं. "रस्त्यावरून जाताना त्यानं सात सीटवाली पायली का? सांग ना. तुझ्या शीटमध्ये हे कोणत्या रकान्यात येते?"

"येत नाही. मोजता येत नाही."

"मोजता येत नाही म्हणून नाही काय?"

"दादा, जे मोजता येत नाही त्याच्या जोरावर मी जपानला काय पाठवू? त्या माणसाच्या हसण्याचा फोटो?"

तू रागावला नाहीस. रागावणं तुझ्या स्वभावात नव्हतं, तू फक्त परत यायचास. सोमवारी परत, बुधवारी परत, चहाचा कप घेऊन, नवा मुद्दा घेऊन. मी कधीकधी तुला येताना बघून फोन कानाला लावायचे. तुला ते कळायचं. तू फोन संपेपर्यंत समोर बसून राहायचास.

एकदा गुरुवारी आपण जेवायला गेलो होतो, तुमच्या घराजवळच्या त्या केरळी हॉटेलात. मासा येईपर्यंत वाद सुरू झाला होता. मी वैतागून म्हणाले, "पण मुळात गरज काय आहे या गाडीची? दोन माणसं, सामानाला जागा नाही, मागे काही दिसत नाही. गरज काय?"

तू भात कालवायचा थांबलास. आवाज चढवला नाहीस. म्हणालास, "माझ्या आजोबानं पहिल्यांदा नवीन चप्पल घेतली, तेव्हा गावातल्या लोकांनी हेच विचारलं होतं. तुले चपलेची गरज काय? अनवाणी चालून रायला होता ना इतके दिवस."

मग मी म्हणाले, "चप्पल आणि स्पोर्ट्स कार एक नाही, दादा."

"नाही एक. चप्पल लागतेच माणसाले. ही गाडी लागत नाही, मान्य." तू परत जेवायला लागलास. "पण माझा बाप एसटीच्या डेपोत बसा दुरुस्त करायचा. जन्मभर गरजेच्या गाड्या. मी इंजिनिअर झालो तेव्हा तो मले म्हणाला, एखादी बिनगरजेची पण बनव. बस, एवढंच हाय."

त्या दिवशी बिल तू दिलंस आणि विषय तिथेच राहिला. त्याला माझं काय उत्तर आहे, हे मी तुला नंतर कधी सांगितलं नाही. तूही विचारलं नाहीस. मला वाटतं, उत्तर नव्हतंच माझ्याकडे. आजही अर्धंच आहे. गरज कुणी ठरवायची, हा तुझा प्रश्न बरोबर होता. पण कंपनी डबघाईला आली तर डेपोतल्या माणसाच्या मुलाचीच नोकरी आधी जाते, हेही बरोबर आहे. दोन्ही बरोबर असू शकतं, हे मला तेव्हा म्हणता आलं असतं. तुझ्यासमोर हरल्यासारखं वाटलं असतं म्हणून म्हटलं नाही.

यंदा मात्र तू माझ्याच बाजूने येऊन मला पकडलंस. मार्चमध्ये, रमजान चालू होता, ऑफिस दुपारी लवकर सुटायचं. सगळे गेल्यावर तू माझ्यासमोर बसलास आणि म्हणालास, "तुझं म्हणणं काय, की आखातासाठी वेगळे भाग परवडत नाहीत. बरोबर? मग वेगळे भाग घेऊच नये." आपली पिकअप आखातात धडाक्याने विकली जाते. तिच्या पंख्याची मोटर आणि एसीचा कॉम्प्रेसर याच उन्हासाठी बनलेला, आणि भरपूर संख्येने बनतो. तोच दोन सीटवाल्या गाडीत बसवायचा. नवीन काय, तर फक्त तो धरून ठेवणारा एक ब्रॅकेट. आणि जे आखाताला चालेल ते ऑस्ट्रेलियालाही चालेल, म्हणजे खर्च आणखी वाटला जाईल.

मी बराच वेळ त्यात खोट शोधत होते. मग सापडली. "वजन वाढेल. नाकात वाढेल. जपानचे लोक ग्रॅमग्रॅमसाठी भांडतात, ते पिकअपचा कॉम्प्रेसर बसवू देतील?"

"उन्हात बंद पडलेली हलकी गाडी कोणाले पाहिजे?" तू म्हणालास. "ऑगस्टमध्ये टेस्ट करून दाखवतो. मग तू अन् हायाशी-सान दोघं मिळून नाही म्हणा."

हायाशी-सान म्हणजे जपानच्या मुख्य ऑफिसात आखातासाठी मॉडेल ठरवणारे. सप्टेंबरात ते इथे येणार होते. तू जपानकडून जुन्या मॉडेलची एक गाडी टेस्टसाठी मागवून घेतलीस, वर्कशॉपमधल्या युसुफला हाताशी धरून तो कॉम्प्रेसर तिरपा करून तिच्या नाकात बसवलास. ब्रॅकेट तीनदा तुटला, चौथा टिकला. जुलैच्या शेवटी गाडी तयार झाली.

आणि जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी सकाळी वहिनींचा फोन आला.

त्या दिवसाबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. वहिनी आणि मैत्रेयी तुला घेऊन अकोल्याला गेल्या. मी विमानतळापर्यंत आले. परत येताना गाडीत एसी लावायचं विसरले आणि घरी पोहोचेपर्यंत ते लक्षातही आलं नाही.

रविवारी ऑफिस सुरू झालं. साहेबांनी मला बोलावून हळू आवाजात सांगितलं, की मिलिंदची ती टेस्ट आता राहू दे, गाडी जपानला परत पाठवून टाकू. त्यांचा हेतू वाईट नव्हता. टेस्ट करायला माणूसच नव्हता. आणि माझ्या लेखी तर प्रश्न सुटत होता. मी नको म्हटलेली गाडी आपोआप मागे पडत होती, मला काही करायचीही गरज नव्हती.

मी खाली वर्कशॉपमध्ये गेले. युसुफ त्या गाडीचं बॉनेट उघडून उभा होता. मुहर्रकचा हा मोठ्या बांध्याचा माणूस, तुझ्याशी हिंदीत भांडायचा आणि माझ्याशी अदबीने बोलायचा. त्याने विचारलं, "मॅडम, खलास?"

मी म्हणाले, "नाही. टेस्ट करायची."

"कौन करेगा? बॉस तो मफी." मफी, म्हणजे नाही.

"तू चालव. आकडे मी बघते. आकडे बघणं माझंच काम आहे."

त्याने बॉनेट खाली केलं आणि म्हणाला, "यल्ला, चलो."

दादा, तुला खरं सांगते. तुझ्यासाठी म्हणून मी ते केलं नाही. निदान सुरुवातीला तरी नाही. मला राग आला होता. तू एक सरळ प्रश्न मांडला होतास, ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं येणार होतं, आणि ते उत्तर न येताच मी जिंकणार होते. असं जिंकून मला काय करायचं होतं? हरायचं तर आकड्यावर हरेन, जिंकायचं तर आकड्यावर जिंकेन, एवढा माज तुझ्याशी भांडूनच माझ्यात आला.

ऑगस्टभर आम्ही टेस्ट केली. दुपारी गाडी उन्हात भाजत ठेवायची, मग दारं उघडून बसायचं. ती गाडी एवढी बुटकी, की उतरताना माझे गुडघे बोंब मारायचे. दमट दिवस मुद्दाम निवडले, कारण कॉम्प्रेसरला तेच जास्त जड जातं, हे तू मला केव्हातरी सांगितलं होतंस. सीफच्या गर्दीत सिग्नलला एसी पूर्ण लावून उभे राहिलो. आजूबाजूच्या गाड्यांमधून लोक फोटो काढत होते आणि आत मी दुपट्ट्याने मान पुसत लॅपटॉप सांभाळत होते. मग झल्लाकचा रस्ता. पळवायची आणि एकदम थांबवायची. पहिल्या वेळी थांबल्यावर काटा चढायला लागला तसा युसुफ पुटपुटायला लागला, इंशाल्ला, इंशाल्ला. काटा चढला, थबकला आणि परत खाली आला. मी आकडा लिहून घेतला. युसुफने गाडी परत रस्त्यावर घेतली आणि आम्ही तेच पुन्हा केलं, कारण एकदा झालेलं तू कधी मोजत नव्हतास.

थंडावा टिकला. तुझं म्हणणं खरं ठरलं.

पण माझंही ठरलं. साखीरच्या रेसट्रॅकवर गाडी जोरात फिरवली तेव्हा नाकातल्या वजनामुळे पुढचे टायर लवकर झिजले आणि वळणावर ती बाहेरच्या बाजूला सरकायला लागली. युसुफ म्हणाला, "बॉस होते तो ये नहीं लिखते." मी म्हणाले, तो लिहिणाराच होता, तू त्याला ओळखत नाहीस. आणि मी लिहिलं. बॅटरी मागे हलवली तर हे किती कमी होईल, तेही करून बघितलं आणि लिहिलं. बरंच कमी झालं, सगळं नाही.

वहिनी अकोल्याहून परत आल्या तेव्हा, शोकसभेच्या आधी, मी भेटायला गेले. घर आवरत होत्या. मैत्रेयीने दार उघडलं. तुझी ही लेक माझं मराठी सगळं ऐकते आणि उत्तर इंग्रजीत देते, हे तुला खटकायचं. तिने चहाही विचारला नाही, आधी म्हणाली, "आंटी, डिड बाबाज् कार पास?"

मी म्हणाले, पास झाली, पण एका विषयात कमी मार्क आहेत. ती हसली आणि मग स्वयंपाकघरात निघून गेली, बराच वेळ आली नाही. वहिनी म्हणाल्या, "ताई, तुम्ही कायले एवढ्या उन्हात फिरल्या? त्यांचं नाव राखायले?" मी म्हटलं, नाही वहिनी, त्याच्याशी भांडण अर्धं राहिलं होतं. त्यांनी मान हलवली. त्यांना पटलं असावं. तुझ्याशी संसार केलेल्या बाईला ते पटणारच.

हायाशी-सान सप्टेंबरात आले. आल्या आल्या तुझ्या रिकाम्या खुर्चीसमोर कमरेत वाकून उभे राहिले. सगळं ऑफिस उठून उभं राहिलं. मग मीटिंग झाली. मी दोन्ही बाजू मांडल्या. आधी माझी, ही गाडी स्वतःच्या बळावर पैसे मिळवणार नाही, कुणी तसं सांगत असेल तर ते खोटं आहे. मग तुझी, पिकअपचे भाग घेतले तर आखातासाठीचा जादा खर्च जवळजवळ उरत नाही, म्हणजे गाडी न आणण्याचं आमचं मुख्य कारणच राहत नाही. आणि शोरूममध्ये तिच्यामुळे कोण आत येतं ते मला मोजता आलेलं नाही, पण मोजता येत नाही म्हणजे शून्य, असं मी धरलं होतं, तसं धरायला आधार नव्हता.

ते तुझं वाक्य होतं. मी तुझं नाव घेऊन म्हटलं.

हायाशी-सान फार कमी बोलतात. त्यांनी टायरच्या पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कामळे-सानच्या टेस्टमध्ये आहे?" तुझं आडनाव त्यांना शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही. मी हो म्हटलं. ते म्हणाले, "जे स्वतःची खोट दाखवतात त्यांची बाकीची पानं वाचायला सोपी जातात."

मग त्यांनी सांगितलं, ते तुला सांगायला मला जड जातं आहे. म्हणून इतका वेळ लावला.

पुढची पिढी आखाताला मिळेल. ऑर्डर असेल तेवढ्याच गाड्या, शोरूमला एक, साठा नाही. पिकअपचा कॉम्प्रेसर, तिरपा, तू बसवलास तसा. बॅटरी मागे. पण गिअर आपोआप बदलणारा. हाताने टाकायचा गिअर आखाताला नाही. कारण काय, तर गिअर बदलताना दात जुळवून घेणारी जी पितळी रिंग असते, ती जपानात एक छोटा कारखाना बनवतो. मालक म्हातारा झाला, मुलगा बँकेत आहे, पुढे कुणी नाही. तो कारखाना बंद करतो आहे. जेवढ्या रिंगा तो बनवून देईल तेवढ्या जपानच्याच गिऱ्हाइकांना पुरतील. दुसरा कुणी एवढे थोडे नग बनवायला तयार नाही.

एक अख्खी मोटार कंपनी आणि अडलं कुठे, तर बांगडीएवढ्या पितळेपाशी. तू असतास तर आधी हसला असतास आणि मग तुझं डोकं चालू झालं असतं.

मी मान्य केलं, दादा. गाडी मिळवायला मी गिअर दिला. तुला विचारायला तू नव्हतास. तू काय म्हणाला असतास, हे मला दोन्ही बाजूंनी ऐकू येतं. एकदा ऐकू येतं, "गाडी आली ना, बस." आणि एकदा ऐकू येतं, "हातानं गिअर टाकायचा नाही, तर मग फॅमिली गाडीच घ्या की." मला वाटतं, दुसरंच जास्त खरं. तू रागावला असतास. पहिल्यांदाच. आणि मी तुला सांगितलं असतं, की रागाव, पण सही मीच केली असती.

मीटिंग संपून सगळे उठले. मी हायाशी-सानना थांबवलं आणि विचारलं, रिंग बनवणारा दुसरा कुणी आम्ही शोधून दिला तर? ते म्हणाले, आम्ही पुष्कळ शोधलं. मी म्हटलं, जपानात शोधलंत. ते थोडं हसले. पुढच्या वसंतापर्यंत वेळ आहे, म्हणाले, त्यानंतर गिअरबॉक्सचं काम कायमचं बंद होईल.

मला स्वतःला हाताने गिअर टाकायला अजिबात आवडत नाही, हे तुला ठाऊक आहे. इथल्या ट्रॅफिकमध्ये डावा पाय कोण मोडून घेणार? तरी मी शोधते आहे. आपल्या वादात तुझ्या बाजूने बोलणारं आता कुणी नाही, आणि एकाच बाजूने वाद होत नाही. होतं ते फक्त काम. त्या कामाचा मला कंटाळा येईल, हे मला दिसतं आहे.

पुण्याच्या एका कारखान्याला फोन केला. त्यांनी "नग किती?" एवढंच विचारलं, मी आकडा सांगितला, त्यांनी फोन ठेवून दिला. चाकणच्या एकाने माझा मेल वरच्या साहेबाकडे पाठवतो म्हणून सांगितलं, तो अजून वरच जातो आहे. परवा कोल्हापूरच्या एका गृहस्थांशी बोलले. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्ससाठी पितळी रिंगा बनवतात, बाप-लेक मिळून. नग ऐकूनही त्यांनी फोन ठेवला नाही.

म्हणाले, "ताई, ट्रॅक्टरला चालतं ते स्पोर्ट्स कारला चालायचं नाही. माप फार बारीक असणार तुमचं."

"असणार," मी म्हटलं. "ड्रॉइंग जपानहून मागवते."

"ड्रॉइंग बघून मी नाहीच म्हणेन बहुतेक."

"म्हणा. पण बघून म्हणा."

ते हसले. म्हणाले, "मग फोनवर नको. नमुना घेऊन समोर या."

लीव्ह टाकली आहे, मंजूर झाली. युसुफने टेस्टच्या गाडीचा गिअरबॉक्स उघडून एक रिंग काढून कापडात गुंडाळून दिली. शनिवारी मी कोल्हापुरात आहे.